शब्द वापरल्याशिवाय पान उलटायचं नाही

मी चिडून लिहिते आहे. लिहायला बसण्याआधी राग निवू द्यावा असं सगळे म्हणतात. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करताना भित्तिपत्रकासाठी लिहिणाऱ्या मुलांना मीही हेच सांगत आले. या खेपेला मी तो निवू दिलेला नाही. निवला तर मी हे लिहिणारच नाही, हे मला माहीत आहे.

माझी धाकटी बहीण घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात वारली, तेव्हा तिची मुलगी तिथून दहा मिनिटांवरच्या शाळेत सायन्सचा पेपर लिहीत होती. सकाळची वेळ होती. मी मुलुंडहून पोचले तोवर सगळं झालं होतं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, ते अजून पुरतं गार पडलं नव्हतं. मग मला कोणीतरी बाहेर बोलावलं. लिफ्टजवळ, जिथे भेटायला येणारे चपला काढतात तिथे, मुलीची आत्या आणि माझे मेहुणे उभे होते. आत्या मेहुण्यांची मोठी बहीण. त्या घरातले निर्णय तीच घेते.

"पेपर संपेपर्यंत तिला कळता कामा नये," आत्या म्हणाली. "थोडेच तर राहिलेत. पाचवीचं वर्ष आहे, ताई."

पाचवी. बोर्डाची परीक्षा असती तरी मला राग आला असता, पण निदान त्यांची भीती कळली असती. पाचवीच्या परीक्षेनं कोणाचं आयुष्य घडलेलं किंवा बिघडलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

मी मेहुण्यांकडे बघितलं. त्यांचे डोळे सुजले होते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही तिला शाळेतूनच मुलुंडला घेऊन जा. तुम्ही शांत आहात. तुमच्याकडे तिला संशय येणार नाही."

लहानपणापासून मी हे ऐकत आले आहे. ही शांत, ती बडबडी. माझ्या शांतपणाचा असा उपयोग होणार हे आधी कळलं असतं, तर मी वेळीच आरडाओरडा करायला शिकले असते. त्या दिवशी मात्र शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता, आणि कोणीतरी फाटकाशी उभं असणं भाग होतं. मी गेले.

काय सांगायचं ते आत्यानं मला पढवलं होतं. आईला मोठ्या हॉस्पिटलात हलवलंय. तिथे लहान मुलांना सोडत नाहीत. पप्पा तिच्याबरोबर आहेत. मी ते तसंच्या तसं म्हटलं.

"फोन पण नाही चालत तिथे?" पोरीनं विचारलं.

"आयसीयूत नाही चालत."

"मग तिला कोण सांगणार पेपर इझी होता ते?"

"पप्पा सांगतील."

"पप्पा विसरतात," ती म्हणाली, आणि तिला लिंबू सोडा हवा होता म्हणून आम्ही गाडीवर थांबलो. आम्ही तिथे उभ्या होतो त्याच सुमाराला तिच्या आईला हॉस्पिटलातून घरी आणत होते. नंतर मला कळलं की सोसायटीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नव्हतं, म्हणून तिला जिन्यानं वर नेलं आणि जिन्यानंच खाली आणलं. मी तेव्हा सोड्याची काचेची बाटली परत करत होते. पोरीला तर तिथून हाकललंच होतं. मलाही हाकललं होतं, फक्त मला ते कळत होतं.

मुलुंडला मी आणि माझी आई राहतो. आईला शेजारच्या बाई घाटकोपरला घेऊन गेल्या होत्या. ती संध्याकाळी परत आली, आल्या आल्या न्हाणीघरात शिरली आणि डोक्यावरून पाणी घेऊन बाहेर आली.

"आजी, आत्ता केस धुतलेस?" पोरीनं विचारलं.

"उकडता गो," आजी म्हणाली, आणि पाठ फिरवून केस पुसत राहिली.

पोरीच्या दप्तरात कंपासपेटी, पाण्याची बाटली आणि एक पुस्तक होतं. ते पुस्तक आमचं, दोघी बहिणींचं. मुखपृष्ठ कधीच गळून पडलं होतं, पहिली पानंही नव्हती. गोष्ट सुरूच होते ती खाडीवरच्या एका सकाळी. कोकणातल्या एका गावात एक मुलगी आणि तिचा आजोबा राहतात. आजोबा तर चालवतो, म्हणजे माणसांना होडीतून खाडीच्या या काठावरून त्या काठाला नेतो. त्याला दिसायचं कमी होत चाललंय, आणि मुलीला वल्हवायला शिकायचंय, पण गाव म्हणतं हे मुलीचं काम नाही. एवढीच गोष्ट. आमचे वडील विक्रोळीच्या कारखान्यात होते आणि आम्ही मागच्या चाळीत राहायचो. तिथून खाडी दिसत नसे, नुसता वास येत असे. त्या वासावर आम्ही दोघींनी ती कादंबरी कितीदा तरी वाचली.

बहिणीला आजारपणात हे पुस्तक आठवलं. मुलगी इंग्लिश मीडियमची. घरात मराठी बोलायची, पण वाचायची अडखळत, बोट लावून. औषधांनी बहिणीचे डोळे दुखायचे, म्हणून ती म्हणाली, तू वाच, मी ऐकते. आणि तिनं एक नियम केला. नवा शब्द आला की अर्थ विचारायचा नाही. पान पुरं वाचायचं, पुन्हा वाचायचं, आणि शब्द काय करतोय ते आपलं आपण ताडायचं. मग तो शब्द पुस्तकाबाहेरच्या कोणावर तरी, अगदी सरळ चेहऱ्यानं, वापरून यायचा. शब्द वापरल्याशिवाय पान उलटायचं नाही.

पोरगी याला खेळ समजली आणि त्यात पार बुडाली. लिफ्ट बंद पडली तेव्हा ती वॉचमनला म्हणाली, "काका, केवढा खोळंबा झालाय." वॉचमन बिहारचा. तो गंभीरपणे म्हणाला, "हाँ बेटा, बहुत खोलंबा है." रस्त्याच्या पलीकडे जायचं होतं तेव्हा तिनं रिक्षावाल्याला सांगितलं, "पैलतीराला घ्या." त्यानं मीटर टाकता टाकता विचारलं, "पैलतीर, कौनसी सोसायटी है?" हॉस्पिटलात नर्स तिच्या आईच्या हाताला सुई लावायला आली तेव्हा ही म्हणाली, "अंमळ हळू टोचा." नर्स साताऱ्याकडची. ती थबकली आणि म्हणाली, "अगं बाई, माझी पणजी आली की काय?" माझी बहीण एवढी हसली की सलाइनचं यंत्र ओरडायला लागलं.

शब्द पास की नापास हे बहीणच ठरवायची. "चालेल," म्हणायची. किंवा, "हा तू ढकलून घातलास, परत." पान कधी एका दिवसात उलटायचं, कधी चार दिवस अडून बसायचं.

मुलुंडला आल्यावर पोरीनं पहिला प्रश्न हाच विचारला. "आता पास कोण करणार?"

"मी करीन."

"तू लायब्ररीवाली. तू फार स्ट्रिक्ट असशील."

"बघू."

"आई येईपर्यंत मला संपवायचंय. मी प्रॉमिस केलंय तिला," ती म्हणाली. मी मान हलवली. आता हे लिहिताना त्या मान हलवण्याचाही मला राग येतो, आणि मला ती हलवायला लावणाऱ्यांचा जास्त.

आत्याचा रोज फोन यायचा. मी गॅलरीत जाऊन बोलायचे.

"अभ्यास करते ना?"

"करते."

"ते जुनं पुस्तक घेऊन बसते म्हणे. ते आधी बंद करा. मराठी तिची थर्ड लँग्वेज आहे हो, त्यात मार्क्स नाही कापत."

तिची आई ज्या भाषेत तिच्यावर रागवली, जिच्यात तिला झोपवलं, ती थर्ड. पण भांडायला मी गॅलरीत उभी होते आणि आत, दारापलीकडे, पोरगी होती. माझा आवाज चढला असता तर तिला ऐकू गेलं असतं. त्यांनी मला असं बांधून ठेवलं होतं.

शाळेच्या फाटकाशी तर मला उभं राहवत नसे. हिंदीच्या पेपरला मी तिला सोडायला गेले, तेव्हा तिच्या बाकावरच्या मुलीची आई पुढे आली, हिला जवळ घेतलं, उगीचच डोक्यावरून हात फिरवला आणि एक मोठं चॉकलेट हातात ठेवलं. दुसऱ्या दोघी लांबून बघत होत्या आणि माझी नजर जाताच फोनमध्ये बघायला लागल्या. पेपरानंतर परतताना पोरगी रिक्षात मला म्हणाली, "आज टीचरनं मला फॅनखाली बसवलं. माझा नंबर तिथे नव्हताच." आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्याच दिवशी फोटो आणि हात जोडल्याची चिन्हं पडली होती. अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. जिची आई, तिला तेवढं नाही. आणि सगळ्या बाया किती खूश होत्या स्वतःवर, त्या चॉकलेटावर.

घरी वेगळंच चाललं होतं. आमच्याकडे लग्न झालेली लेक गेली तर माहेरी तीन दिवसांचं सुतक. देवापुढे दिवा लावायचा नाही, भाजी-आमटीला फोडणी द्यायची नाही. तीन दिवस झाले तेव्हा मला वाटलं, सुटलो. आई म्हणाली, मी दहा पाळणार.

मी स्वयंपाकघरात दार लोटून तिच्याशी भांडले, कुजबुजत. "पोरगी हुशार आहे. तिला कळेल. निदान तिच्यापुरती फोडणी दे."

आई पाटावर बसून दुधी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "माका खोटा बोलूक सांगितलंस, मी बोललंय. फोडणी मात्र मी घालूचंय नाय."

"अगं, मग खोटं बोलून उपयोग काय?"

"तां तुमचां तुमी बघा."

अशा माणसांची जात मला ओळखीची आहे, मीही त्यातलीच आहे. जिवंत पोरीशी दिवसभर खोटं बोलता येतं, त्याला कारणं सापडतात, त्यात काळजी असते, माया असते. पण मेलेल्या लेकीच्या वाटणीचं सुतक मोडायचं म्हटलं की हात उचलत नाही. सगळ्यांनी मिळून एवढा मोठा बेत रचला. आत्यानं शाळेला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, नातेवाइकांना फोन करू नका म्हणून बजावलं. आणि मुलुंडच्या एका स्वयंपाकघरात रोज दोन वेळा मोहरी न तडतडता जेवण होत होतं.

पोरगी पाण्यात शिजवलेला दुधी मुकाट खायची. एकदा म्हणाली, "आजी, तुला पण बीपी झालं का?"

"होय गो."

"आणि देवाला?" देव्हाऱ्यावर कापड टाकलेलं होतं, त्याकडे तिनं चमचा दाखवला. आजी पाणी आणायला उठली.

मॅथ्सच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही वाचायला बसलो. जेवणं झाली होती. पोरगी म्हणाली, गणितं झाली, आता एक पान. मी सोफ्यावर, ती खाली, पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर. त्या भागात मुलगी आजोबांचा निरोप घेऊन खाडीपलीकडच्या एका तरवाल्याच्या घरी जाते. दारातून तिला आत दिसतं. तुळशीला शेजारची बाई पाणी घालतेय. देवाजवळ अंधार आहे. चुलीवर काहीतरी शिजतंय, पण फोडणीचा वास नाही. मुलगी उंबऱ्याबाहेरच उभी राहते.

दोन ओळी आधीच मी पान ओळखलं. इतक्या वर्षांनी मला ते आठवलं नव्हतं, आणि ते आल्यावर सगळं आठवलं. मला तिला हाक मारता आली असती. चहा ठेव म्हणता आलं असतं, उद्या गणित आहे म्हणता आलं असतं. मी काहीच म्हटलं नाही. मी मुद्दाम केलं असं बहिणीच्या सासरची माणसं आजही बोलतात. बोलू देत.

"सुतक," पोरीनं वाचलं आणि थांबली. "विचारायचं नाही," स्वतःलाच म्हणाली. पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, हळू, ओठ हलवत. मग वर बघितलं.

"घरात कोणी मेलं की दिवा नाही लावत. आणि फोडणी नाही देत. त्याला सुतक म्हणतात. बरोबर?"

"बरोबर."

"किती दिवस?"

"ते पुढे असेल."

पुढे जायचं तर शब्द वापरायला हवा होता. ती विचार करत बसली. खिडकीतून खाली बघितलं, तिथे कोणी नव्हतं. मग तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. ती उठली. आजी गार झालेले बटाटे सोलत होती. पोरगी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि नियमाप्रमाणे, अगदी सरळ चेहऱ्यानं, तिनं विचारलं, "आजी, आपल्याला कोणाचं सुतक आहे?"

मला खात्री आहे की विचारलं तेव्हा तो अर्धा खेळच होता. वॉचमनला, रिक्षावाल्याला विचारलं तसाच. पण आजीनं बटाटा खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि ती भिंतीकडे वळली. पोरीचा चेहरा तसाच सरळ राहिला, फक्त त्यातला खेळ गेला. ती माझ्याकडे वळली.

"मावशी?"

मी खाली, तिच्या उंचीला बसले. आत्यानं पढवलेलं काहीही मी बोलले नाही. "तुझी आई वारली," मी म्हटलं. "तू सायन्सचा पेपर लिहीत होतीस तेव्हा."

"वारली म्हणजे मेली."

"हो."

"त्या दिवशी आजीचे केस ओले होते."

"हो. ती तिकडून आली होती."

मला वाटलं आता रडेल, मी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"पप्पांना माहितीये?"

"पप्पा तिथेच होते."

"माझ्या बेंचवरच्या मुलीच्या मम्मीला?"

"हो."

"म्हणून चॉकलेट." मग, "टीचरला?"

"हो."

"वॉचमन काकांना?"

"हो."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना," ती म्हणाली.

आजी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "चेडवा, तुझ्या भल्यासाठीच," आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या आईला म्हटलं, "तू बोलू नकोस."

पोरगी बुटांत पाय घालत होती. "घरी चल," म्हणाली.

मी कोणालाही फोन केला नाही. रिक्षा हायवेनं निघाली. विक्रोळीच्या पुढे उन्हात धुळीचा लोट होता आणि ट्रक हळूहळू चालले होते. पोरगी बाहेर बघत होती. एकदाच बोलली. "तिला जाळलं का?"

"हो."

"कधी?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"तेव्हा मी काय करत होते?"

मला आठवत होतं, तरी मी म्हटलं, "माझ्याकडे होतीस."

घाटकोपरच्या घराचं दार उघडंच होतं. हॉलमध्ये चटई, चटईवर दोन-तीन बायका, भिंतीशी माझ्या बहिणीचा हार घातलेला फोटो. फोटो जुना, केस असतानाचा. पोरीला बघून बायका एकदम उठल्या. आत्या आतून आली. तिनं आधी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे काय केलंत ताई? उद्या मॅथ्स आहे."

"सांगितलं तिला."

"एक दिवस दम धरवत नव्हता?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. "एक तास पण नाही. तुम्हाला कोणी अधिकार दिला होता?"

"अहो, लहान पोरीनं बघण्यासारखं असतं का ते? आम्ही तिच्या..."

"भल्यासाठी. ऐकलंय मी."

पोरगी यातलं काही ऐकत नव्हती. तिनं फोटोकडे बघितलं, बायकांच्या मधून वाट काढली, आणि आतल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या वडिलांचं मनगट धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं. मी मागोमाग गेले आणि दारात उभी राहिले, पाठ चौकटीला लावून. आत ओट्याजवळ ती दोघं. माझ्यामागे आत्या.

"पप्पा, तिला कुठे ठेवलं होतं?"

मेहुण्यांनी हॉलकडे बोट दाखवलं. "तिथे. खिडकीजवळ."

"पंखा चालू होता?"

"असेल. मला... हो, चालू होता."

"हाताला सुई होती ती काढली का?"

"काढली."

"कुठली साडी?"

मेहुणे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. माझ्या खांद्यामागून आत्या म्हणाली, "हिरवी. तिच्या डोहाळजेवणाची. मीच नेसवली." तिचा आवाज बदलला होता. "हिरव्या बांगड्या भरल्या. कुंकू लावलं. डोक्याला तिचाच तो निळा रुमाल बांधला, तिला उघडं आवडत नव्हतं ना."

पोरीनं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, जणू हे खरं आहे एवढं तिला पटलं. आत्या मला बाजूला सारून आत जाऊ लागली. मी हललेच नाही. साडीबद्दल मी तिची ऋणी आहे, पण दार मी सोडलं नाही.

"पप्पा," पोरगी म्हणाली. "ती मला बोलवत होती का?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मेहुण्यांनी तो बंद केला, मग पुन्हा घट्ट केला.

"अरे, कशाला आता ते," आत्या मागून म्हणाली. "नको सांगू."

तिच्या त्या वाक्यावरून मला उत्तर कळलं. मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. मी पोचले तेव्हा माझी बहीण गेलेली होती, आणि अचानक झालं, कोणाला कळवायला वेळच मिळाला नाही, असंच मी धरून चालले होते.

"सांगा तिला," मी म्हटलं.

"हो," मेहुणे म्हणाले. "बोलवत होती. पहाटेपासून."

"मी तर घरीच होते. आत्या मला उठवायला आली. मी दूध प्यायले. मग व्हॅन आली."

"हो."

"मग मला का नाही नेलं?"

ते तिच्याकडे बघत राहिले. उत्तर त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, माझ्यामागे श्वास रोखून उभ्या असलेल्या बाईला तर सर्वांत आधीपासून ठाऊक होतं. एकच शब्द होता, पेपर, आणि इतके दिवस तो त्या घरात सगळे किती सहज बोलत होते. आता मेहुण्यांचे ओठ हलले, पण तो बाहेर येईना. आत्यानं माझ्या दंडाला हात लावला, म्हणाली, "ताई, सोडा, पोरगी दमलीय." मी तिचा हात काढला.

पोरगी तिथेच उभी होती, दोन्ही हात बाजूला, मान वर करून वडिलांकडे बघत. ती उत्तर मिळेपर्यंत हलणार नव्हती. आणि तोवर मी कोणालाही त्या दारातून आत जाऊ देणार नव्हते.